धारवाडला मी गप्प बसवलं

मिरजेच्या फलाटावर गाडी लागली तेव्हा माझ्यापाशी चार बॅगा होत्या आणि त्यांतली फक्त एक कपड्यांची होती. बाकीच्या तीन माइक, वायरी आणि स्टँड यांनी भरलेल्या. मी सांगलीत राहतो. आवाज उतरवून घेणं हा माझा तीस वर्षांचा धंदा. कीर्तनं उतरवली, नाट्यपदं उतरवली, शाळांची स्नेहसंमेलनं तर किती उतरवली याची गणतीच नाही. पण रॉक बँड आजवर कधी वाट्याला आला नव्हता. आणि आला तो असला, की स्टेजवर चढेपर्यंत ज्याला आपण काय वाजवणार हे ठाऊक नसतं.

हा बँड हुबळी-धारवाडचा. त्याचं नाव ‘नोडोण’ (कन्नडमध्ये ‘बघू या’). गिटार वाजवणारा प्रकाश माझा कॉलेजातला खोलीमित्र. आता तो हुबळीत वकिली करतो. कोणी तरी एक लहानशी सुरावट टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची आणि अर्धा-पाऊण तास ती नेईल तिकडे जायचं, ही यांची पद्धत. आज वाजवलेलं उद्या वाजत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंग करायचं ते कार्यक्रमातच, लोकांसमोर. सोळा वर्षं वाजवताहेत, पण एकही धड रेकॉर्डिंग नाही. पुढचा कार्यक्रम जास्त चांगला होईल, तोच उतरवू, असं म्हणता म्हणता सोळा वर्षं गेली.

महिन्यापूर्वी प्रकाशचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, “उजवा कान गेला रे माझा. डावा अजून वर्ष-दोन वर्षं साथ देईल म्हणतात डॉक्टर. स्टेजवर मला माझ्या गिटारपलीकडे काही ऐकू येत नाही. आपण चौघं मिळून कसं वाजवतो हे मला एकदा ऐकायचंय. ऐकू येतंय तोवर. येतोस?”

येत नाही म्हणायला मी काय दगड आहे?

गाडीत समोरच्या बाकावर धोतर-टोपीतले एक जाडजूड गृहस्थ होते. बेळगाव येईपर्यंत ते माझ्या लांबलचक काळ्या बॅगेकडे संशयाने बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “ह्यात बंदुका-बिंदुका आहेत की काय हो?”

“माइकचे स्टँड आहेत.”

“भजनाचे?”

“रॉक संगीताचे.”

“म्हणजे ते केस वाढवून उड्या मारतात ते?”

“आमच्या मित्राला केस नाहीत. आणि गुडघ्यांमुळे उड्याही नाहीत. वकील आहे तो.”

“प्रकाश वकील? केशवापूरचे? अहो, मग मी येणार की रविवारी! दर कार्यक्रमाला असतो मी. पहिल्या रांगेत.” त्यांनी लगेच डबा उघडला आणि माझ्या हातावर दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी ठेवली. हे मुरगुडे अण्णा. हुबळीच्या बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. आजोबा मुरगूडहून आले, ते इथलेच झाले. अण्णा माझ्याशी मराठीत बोलत, चहावाल्याशी कन्नडात आणि फोनवर मुलाशी दोन्हींत, तेही एकाच वाक्यात. लोंढ्याजवळचं रान सुरू झालं तसं त्यांनी मला खिडकीची जागा दिली. “आम्ही रोजचं बघतो, तुम्ही बघा,” म्हणाले. सागाची झाडं, मधूनच लालभडक मातीच्या उघड्या दरडी, एखादी गाय रुळाकडे पाठ करून उभी. अळणावर गेलं आणि रान विरळ होऊन काळी जमीन लागली.

हुबळीला प्रकाश घ्यायला आला होता. तो नेहमी माझ्या उजवीकडून चालतो आहे, म्हणजे त्याचा डावा कान माझ्याकडे राहतो आहे, हे माझ्या लक्षात यायला रिक्षा केशवापुरात वळावी लागली. घरी नलिनीवहिनींनी दारातच विचारलं, “ऊटा आत्रि?” (जेवण झालं का?) आणि मी भाकरी खाऊन आलोय हे सांगूनही पान मांडलं. भरली वांगी इतकी झणझणीत होती की माझ्या नाकाडोळ्यांना पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, “सांगलीचे ना तुम्ही? मग हे काय तिखट म्हणायचं?” मी मुकाट्याने दुसरं वांगं घेतलं.

दुसऱ्या दिवशी धारवाडला सभागृह बघायला गेलो. केलगेरीच्या बाजूला एका शाळेचं जुनं सभागृह, कौलारू, शंभर-सव्वाशे माणसं मावतील एवढं. कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला. रॉकचा कार्यक्रम सकाळी, हे ऐकून मला हसू आलं. बँडचा ड्रमवाला बसवराज म्हणाला, “संध्याकाळी लोकांना कामं असतात की हो सर. सकाळी आंघोळ करून, नाश्ता करून येतात. शांत बसतात.” बसवराज बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रं चालवतो, आठवडाभर कारखान्याचा खडखडाट आणि रविवारी स्वतःचा. कीबोर्ड वाजवणाऱ्या सुनंदाअक्का कॉलेजात गणित शिकवतात. बास गिटारवाला मंजुनाथ बोलत नाही. तीन दिवसांत त्याची मी ऐकलेली वाक्यं दोन, आणि दोन्ही चहाबद्दलची.

मी सभागृहात मधोमध उभा राहून डोळे मिटले. मी हे कुठेही गेलो की करतो, लोक हसतात. छताचे सहा पंखे. त्यांतले दोन कुरकुरणारे. खुर्च्या लोखंडी, घडीच्या. माणूस जरा हलला तरी ‘कुई’ करणाऱ्या. माझ्या कपाळावर आठी चढली. तीस वर्षं मी एकाच शत्रूशी लढतोय: खोकला, खुर्ची, पंखा, मुलांची रडारड आणि तो एक माणूस, जो ऐन समेवर मोठ्याने ‘वा’ म्हणतो. घरी बसून असले आवाज एकेक करून पुसण्यात माझ्या कैक रात्री गेल्या आहेत. आणि हे रेकॉर्डिंग तर एका माणसाच्या उरलेल्या कानासाठी होतं. ते मला आरशासारखं स्वच्छ हवं होतं.

म्हणून मी तीन गोष्टी ठरवल्या. पंखे बंद. खुर्चीत हालचाल नाही. आणि वाजवणं चालू असताना दाद नाही. टाळ्या अगदी शेवटी, माझी खूण झाल्यावर.

“लोक ऐकतील?” मी बसवराजला विचारलं.

“धारवाडचे लोक ना? सांगून तर बघा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही तरी होतं, पण मी वायरी मोजण्यात गुंतलो होतो.

संध्याकाळी प्रकाशने मला केलगेरीच्या तळ्यावर नेलं. वाटेत एका गाड्यावर गिरमिट (चुरमुऱ्यांचा कांदा-चिंच घातलेला, ओलसर चटपटीत प्रकार) आणि मिरचीभजी खाल्ली. काठावर बसलो तेव्हा त्याने मला विचारलं, “पाणकावळे ओरडताहेत का?” मी हो म्हणालो. “मला चोची उघडलेल्या दिसतात,” तो म्हणाला.

रविवारी साडेनऊलाच सभागृह भरलं. साड्या नेसलेल्या बायका, वकील मंडळी, कॉलेजची मुलंमुली, बँकेतून निवृत्त झालेले जोडीने आलेले नवराबायको. पहिल्या रांगेत मुरगुडे अण्णा, कपाळाला गंध. ही सगळी माणसं लहानपणापासून बैठकीत मांडी घालून गाणं ऐकत वाढलेली. रॉकही ती तसंच ऐकतात. मी स्टेजवर जाऊन हात जोडले आणि माझ्या तीन सूचना मराठीत सांगितल्या. अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या कन्नडात पुन्हा सांगितल्या. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. ते रांगेरांगेतून फिरले. कोणाच्या हातातला पंखा काढून घेतला, कोणाला खोकल्याची गोळी दिली, दोन लहान मुलांना तोंडात पेढा धरून बसायला लावलं. “वकीलसाहेबांसाठी,” एवढंच ते म्हणत होते. “वकीलसाहेबांसाठी.”

कार्यक्रम सुरू झाला.

एवढी शांतता मी आयुष्यात रेकॉर्ड केलेली नाही. शंभरावर माणसं, पंखे बंद, घामाच्या धारा, आणि कोणी पापणी हलवायला तयार नाही. फोटो काढायला बसल्यासारखी सगळी. सगळ्यांचे हात मांडीवर. मध्येच अण्णांना शिंक येऊ लागली. ते नाक घट्ट धरून, चपलाही न घालता, बाहेर पळाले, शाळेच्या फाटकापर्यंत गेले, तिथे शिंकले आणि पुन्हा चोरपावलांनी येऊन बसले. माझ्या यंत्राच्या आवाज दाखवणाऱ्या काट्यावर ती शिंक उमटलीही नाही. मला कृतकृत्य वाटलं.

पहिली दहा मिनिटं मी माझ्याच कामावर खूश होतो. मग माझ्या लक्षात येऊ लागलं की कानातल्या हेडफोनमधून सगळं येतंय, पण काही घडत नाहीये. प्रकाश एक सुरावट टाकत होता, ती दोनदा वाजवत होता आणि सोडून देत होता. सुनंदाअक्का उचलायला जात, तोवर तो दुसरीकडे. बसवराज नुसता ठोका धरून बसलेला. वीस मिनिटांत त्यांनी तीन सुरुवाती केल्या आणि तिन्ही वाटेतच बसल्या. प्रकाशचा चेहरा पडत चालला होता. तो सारखा समोर बघत होता, या रांगेकडून त्या रांगेकडे, बाजारात मूल हरवल्यासारखा. पाऊण तासाने त्याने गिटार खाली ठेवलं. मी खूण केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही बेतानेच, रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून.

चहाच्या सुट्टीत तो मागच्या व्हरांड्यात एका बाकावर बसला होता. मला बघून हसला. “राहू दे रे. जमत नाहीये आज. मुळात कानच नाही, तर वाजवणार काय? तू एवढ्या लांबून आलास, माफ कर.”

मला वाटलं, कानामुळेच झालं असेल. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात नलिनीवहिनी चहा घेऊन आल्या. कप त्याच्या हातात दिला आणि मला बाजूला बोलावलं.

“भावजी, रागावू नका. पण तुम्ही लोकांचे हात बांधून ठेवलेत हो.”

“म्हणजे?”

“दोन वर्षं झाली, हे लोकांकडे बघून वाजवायलेत. मांडीवर ठोका कोण धरतंय, मान कोणाची हलतीय, कोण पुढे सरकून बसलंय. अण्णांचा हात वर गेला की त्यांना कळतं, इथं काही तरी लागलं, इथंच थांबायचं. कानानं येत नाही ते डोळ्यांनी घेतात. आज समोर कोणी हलेचना. त्यांना काय कळणार, वाजतंय की नाही ते?”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुम्ही सांगलीहून आलेले मोठे जाणकार. आणि धारवाडात पाहुण्यानं एकदा सांगितलं की संपलं. वकील स्वतः म्हणाले, त्याला त्याचं काम करू दे.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. मी बैल तर रिकामा ठेवलाच होता, शिवाय शेजाऱ्यांचाही सोडून दिला होता. दुसरीकडे कुठे हीच सूचना दिली असती, तर दहा मिनिटांत लोक ती विसरले असते आणि प्रकाशचं वाजवणं वाचलं असतं. इथल्या माणसांनी माझं अक्षरन् अक्षर पाळलं. त्याच्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी त्याला आंधळं करून टाकलं होतं, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

मी तडक स्टेजवर गेलो. लोक चहाचे कप घेऊन परतत होते. मी पुन्हा हात जोडले. “मंडळी, माझं चुकलं,” म्हणालो. “मघाशी सांगितलेलं सगळं मागे घेतो. पंखे लावा. हला, बोला, मान हलवा, ठोका धरा, वाटेल तिथे दाद द्या. तुम्ही नेहमी बसता तसे बसा.”

सभागृह गोंधळलं. अण्णा उभे राहून म्हणाले, “आणि रेकॉर्डिंगचं काय हो?”

“रेकॉर्डिंग तुमचंही आहे,” मी म्हणालो. “वकीलसाहेबांसाठी.”

अण्णांनी मागे वळून कन्नडात काही तरी सांगितलं. काय सांगितलं मला कळलं नाही, पण सगळे एकदम हसले, खुर्च्या एकदम कुरकुरल्या आणि कोणी तरी सहाही पंखे लावले. वाऱ्याच्या त्या पहिल्या झोतासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यावेळी सुरुवात मंजुनाथने केली. बासवर चारच स्वर, जड पावलांचे. प्रकाश खाली मान घालून ऐकल्यासारखं करत उभा होता. मग त्याने मान वर केली. तिसऱ्या रांगेत एक बाई मांडीवर बोटं आपटत होत्या. मागे मुलंमुली डोलत होती. अण्णांचा उजवा हात वर जाऊन हवेतच थांबला होता, जागा सापडण्याची वाट बघत. प्रकाशने एक स्वर लावला आणि धरला. धरूनच ठेवला. अण्णांचा हात खाली आला आणि ते म्हणाले, “आहा!”

तिथून पुढचं मला नीट सांगता येणार नाही. चाळीस मिनिटं ते थांबले नाहीत. मध्ये एका क्षणी चौघेही एकदम गप्प झाले, आणि त्या पोकळीत कोणाची तरी खुर्ची ‘कुई’ करून वाजली. सुनंदाअक्कांनी तोच आवाज कीबोर्डवर काढून उत्तर दिलं. लोक खो-खो हसले. बसवराजने त्या हसण्यावरच नवी लय धरली, आधीपेक्षा दुप्पट, आणि प्रकाश तिच्यावर स्वार झाला. पाठीमागून ‘भले’, ‘शाब्बास’, ‘भाळ छलो’ (फार छान) येत होतं. गुडघ्यांची तक्रार करणारा माझा मित्र चवड्यांवर उभा राहून वाजवत होता. माझ्या हेडफोनमध्ये पंखे कुरकुरत होते, मूल रडत होतं, कोणी तरी नाक शिंकरत होतं. मी कुठल्याच बटणाला हात लावला नाही. डोळे पुसायला मात्र रुमाल काढावा लागला.

सोमवारी निघताना वहिनींनी कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली. मंजुनाथ स्टेशनवर आला, माझ्या दोन बॅगा उचलून डब्यात ठेवल्या आणि म्हणाला, “चहा घेणार?” तिसरं वाक्य. मी घेतला. गाडी सुटली तेव्हा मनात आलं, तीन दिवसांत या गावाने मला जेवू घातलं, खिडकी दिली, माझी चूक निमूटपणे सोसली आणि मी ती मागे घेतल्यावर एका शब्दाने टोचून बोललं नाही. आपल्याकडे एवढ्यावर माणसाची वर्षभर थट्टा झाली असती.

सांगलीत येऊन कामाला बसलो. रेकॉर्डिंगमध्ये काही वाद्यं डाव्या कानात येतात, काही उजव्या. त्यामुळे ऐकणाऱ्याला समोर बैठक मांडल्यासारखी वाटते. प्रकाशला तसं दिलं असतं तर निम्मा बँड हरवला असता. म्हणून बाकीच्यांसाठी एक प्रत केली आणि त्याच्यासाठी दुसरी, जिच्यात सगळं डावीकडे: चारही वाद्यं, पंखे, खुर्च्या आणि शंभर माणसं. ती त्याला कशी ऐकू येईल हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून उजव्या कानात बोट घालून मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. हात अवघडला. बायको दारातून डोकावली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता निघून गेली. काय ठेवावं, काय काढावं याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदाच केला नाही. एक खोकलाही काढला नाही.

पाठवल्यावर दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. कमी ऐकू येणाऱ्यांचा आवाज मोठा होतो, तसा त्याचा झाला होता.

“अरे, हे लोक बोलतात!”

“कोण लोक?”

“आपले! समोर बसलेले! मला वाटायचं हल्ली नुसत्या माना हलवतात. म्हातारे झाले सगळे, दमले, सवयीनं येतात, असं वाटायचं मला. आणि हे बघ तरी, अण्णा ‘आहा’ म्हणतायत. ती मागची पोरं काय ओरडतायत! एक बाई तर चक्क माझ्या नावानं ‘भले प्रकाश’ म्हणाली. कोण रे ती?”

“नलिनीवहिनी,” मी म्हणालो. मी तो आवाज बोट घालून ऐकताना ओळखला होता.

मग त्याने विचारलं, “दरवेळी म्हणत असेल का रे?”

“म्हणतच असतील.”

“दोन वर्षं?”

पलीकडे त्याने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लांबून, घराच्या आतल्या दिशेने, त्याची मोठ्याने मारलेली हाक ऐकू आली, “नलू, बाहेर ये. आधी बाहेर ये. अगं, मला ऐकू आलं!”